प्रत्येक नगाची जन्मपत्रिका

सकाळचे सात वाजलेत. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये रात्रपाळीची माणसं हात धुऊन बसकडे निघाली आहेत आणि पहिली पाळी मशीनवर उभी राहिली आहे. सीएनसी मशीनचा दरवाजा सरकतो. ऑपरेटर ॲल्युमिनियमचा एक नग बाहेर काढतो, हवेच्या झोतानं त्यावरचं कूलंट उडवतो आणि त्याच्या मधल्या भोकात गेज घालतो. हे गेज म्हणजे दोन टोकांची पोलादी दांडी. एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. गो सहज आत गेलं पाहिजे, नो-गो तोंडाशीच अडलं पाहिजे. गो जातं, नो-गो अडतं. तक्त्यात बरोबरची खूण होते, नग ट्रेमध्ये जातो, पुढचा नग लागतो.

या रीतीनं जगभर कोट्यवधी चांगले नग तयार झाले आहेत. तरी ती बरोबरची खूण एकदा नीट पाहायला हवी. भोकाचा व्यास नेमका किती होता, हे ती सांगत नाही. गेज किती वाजता घातलं, त्या गेजची शेवटची तपासणी कधी झाली होती, हा नग कुठल्या साच्यातून कुठल्या दिवशी निघाला, यातलं काहीच तिच्यात नाही. उद्या हा नग एखाद्या मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये बसेल. ती मोटारसायकल कन्नडच्या घाटात चालेल किंवा जहाजातून आफ्रिकेत जाईल. तिच्यावर बसणारा माणूस हा ब्रेक विश्वासानं दाबेल. त्या विश्वासाच्या मागे फक्त एक खूण असावी, की नगाची पूर्ण जन्मपत्रिका असावी, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

कारखान्यातल्या सॉफ्टवेअरबद्दल एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. सॉफ्टवेअर दर्जा निर्माण करत नाही. दर्जा येतो तो चांगल्या धातूतून, धारदार हत्यारातून, नीट सेट केलेल्या मशीनमधून आणि जाणत्या हातातून. सॉफ्टवेअर दोन कामं करतं. घडलेलं लक्षात ठेवतं आणि चुकीचं पुढे जाऊ लागलं की अडवतं. ही दोन्ही कामं एका गोष्टीवर उभी असतात. त्यात जाणारी पहिली नोंद खरी असली पाहिजे.

हातमागापासून वाळूजपर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला दर्जाची पारख कारखान्यांनी शिकवली असं नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला हातमागावरची पैठणी पारखायची जुनी खूण आहे: पदर उलटा करून पाहायचा. खऱ्या विणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागच्या बाजूला मोकळे लोंबते धागे नसतात. वस्तू स्वतःच स्वतःची साक्ष देते. पण एक विणकर, एक माग आणि एक पदर असतो तोवरच हे जमतं.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराचा चेहरा बदलला. दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांना लागणारे शेकडो सुटे भाग पुरवण्यासाठी आजूबाजूला लहानमोठ्या शेड उभ्या राहिल्या. त्याच वर्षी सुरू झालेली एन्ड्युरन्स ही कंपनी आज शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवते आणि तिचं मुख्यालय अजून वाळूजलाच आहे. व्हॅरॉक ही कंपनीही इथलीच. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. चिकलठाणा आणि वाळूजला औषधांचे कारखाने आहेत. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी उभी राहते आहे.

गाडी बनवणारी मोठी कंपनी स्वतः फार थोडे भाग बनवते. बाकीचे व्हेंडरकडून येतात. व्हेंडर काही कामं आपल्याहून लहान शेडला देतो, ती शेड प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट तिसरीकडून करून घेते. म्हणजे एका ब्रेकच्या मागे पाच-सहा छपरं असतात. पदर उलटा करून पाहण्याची सोय इथे उरत नाही. त्यामुळे साक्ष वस्तूबरोबर प्रवास करणाऱ्या नोंदीनं द्यावी लागते.

नव्व्याण्णव टक्के का पुरत नाहीत

परीक्षेत नव्व्याण्णव टक्के म्हणजे पेढे वाटण्याचे गुण. कारखान्यात मात्र ते नापास करणारे आहेत. हिशेब सोपा आहे. समजा एका गाडीत महत्त्वाचे शंभर भाग आहेत आणि प्रत्येक भाग नव्व्याण्णव टक्के वेळा निर्दोष येतो. मग शंभरही भाग निर्दोष असलेल्या गाड्या शंभरात साधारण ३७ निघतील. उरलेल्या ६३ गाड्यांत कुठे ना कुठे एक तरी खोट असेल.

म्हणून वाहन उद्योग टक्क्यांत बोलत नाही, ‘पीपीएम’मध्ये बोलतो. दहा लाख नगांमागे किती नग सदोष, हे ते माप. तेच शंभर भाग दहा लाखांत ५० सदोष या पातळीवर आणले, तर हजार गाड्यांत सदोष गाड्या पाचच्या आसपास उरतात. ही पातळी शेवटी बसून नग निवडण्यानं गाठता येत नाही. माणसाचा डोळा थकतो. आठ तासांत हजारो नग पाहणारा चांगला इन्स्पेक्टरही काही सदोष नग सोडतो आणि काही चांगले नग बाजूला काढतो. खोट तयार होतानाच, किंबहुना तयार होण्याच्या थोडं आधीच, कळली पाहिजे.

वीस मिलिमीटरचं भोक

‘थोडं आधी’ कसं कळतं, ते सकाळच्या त्याच नगावर पाहू. समजा त्याच्या भोकाचं माप २० मिलिमीटर आहे आणि ड्रॉइंगवर २०.००० ते २०.०२१ इतकी सूट आहे. ही सूट म्हणजेच टॉलरन्स. २१ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश.

आता ऑपरेटरच्या हातात गो-नोगोऐवजी आकडा दाखवणारं डिजिटल बोअर गेज आहे आणि ते तारेनं संगणकाला जोडलेलं आहे. दर तासाला तो सलग पाच नग मोजतो, सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढून पडद्यावर एक बिंदू टाकतं. सात वाजता २०.०१४. आठला २०.०१३. नऊला २०.०११. दहाला २०.०१०. अकराला २०.००८. बाराला २०.००७.

एकही नग टॉलरन्सच्या बाहेर नाही. गो-नोगोनं तपासलं असतं तर बारा वाजेपर्यंत तक्ताभर बरोबरच्या खुणाच दिसल्या असत्या. पण सहा बिंदू सलग खाली उतरले आहेत. भोक कापणारी इन्सर्ट झिजते आहे, म्हणून भोक तासागणिक किंचित लहान होत आहे. सरासरीच्या आजूबाजूला नगानगात पाचेक मायक्रॉनचा फरक असतोच. याच चालीनं दीड-दोनच्या सुमारास काही नग तळरेषेखाली जाऊ लागतील. सॉफ्टवेअर बारा वाजताच पडदा पिवळा करतं. सेटर येतो, इन्सर्टची धार पाहतो, बदलतो किंवा मशीनच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या जागेच्या आकड्यात, सहा मायक्रॉनची दुरुस्ती देतो. साडेबाराला पुढचे पाच नग मोजले जातात.

“साहेब, गेज तर जातंय की,” असं ऑपरेटर नव्या साहेबाला म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. गेज जातंच आहे. पण गेज फक्त आत्ताचं सांगतं. आलेखावरून मशीन कुठे निघालं आहे तेही कळतं.

या आलेखाचा जन्म संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या वरिष्ठाला एक छोटं टिपण दिलं. त्यात अशा नियंत्रण-आलेखाचं पहिलं रेखाटन होतं. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असणारच, असं त्यानं मांडलं. काही चढउतार प्रक्रियेच्या अंगचा असतो, काहीमागे शोधून काढता येईल असं कारण असतं. पहिल्या प्रकारात हात घालू नये, दुसऱ्यात घालायलाच हवा. दोन्हींतली सीमारेषा आकड्यांवरून काढता येते. इथे एक फरक नेहमी ध्यानात ठेवावा: टॉलरन्स ग्राहक ठरवतो, नियंत्रणरेषा प्रक्रिया स्वतःच्या वागण्यातून ठरवते. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास, १९४७-४८ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले होते. संख्याशास्त्रानं दर्जा सांभाळण्याचा विचार आपल्याकडे तेव्हाच पोहोचला. अडचण होती ती रोजच्या गणिताची. दर तासाला पाच मापं, सरासरी, पसारा, आलेखावर बिंदू, आणि हे तीस मशीनवर. पाळीच्या धावपळीत ते मागे पडायचं आणि पाळी संपताना एका दमात लिहून काढलं जायचं. सॉफ्टवेअरनं शूहार्टच्या विचारात मोठी भर घातली नाही. तो विचार दर तासाला, न कंटाळता राबवण्याची सोय करून दिली.

मराठवाड्यात या मोजमापात आणखी एक भिडू असतो, तो म्हणजे ऊन. लांबीचं माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरलं जातं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश असताना ॲल्युमिनियमच्या नगातलं वीस मिलिमीटरचं भोक सुमारे नऊ मायक्रॉननं मोठं झालेलं असतं. एकवीस मायक्रॉनची सूट, त्यातले नऊ उन्हानंच खाल्ले. गेज पोलादाचं असेल तर तेही तापून फुगतं, पण ॲल्युमिनियमच्या साधारण निम्मंच, त्यामुळे चार-पाच मायक्रॉनची चूक शिल्लक राहतेच. म्हणूनच मापनकक्ष वातानुकूलित ठेवतात आणि नग तिथे काही वेळ निववून मग मोजतात. चांगल्या प्रणालीत मापाशेजारी तापमानाचीही नोंद होते आणि गेजच्या कॅलिब्रेशनची मुदत संपली की त्या गेजवरचं माप ती स्वीकारतच नाही.

अडवणारा माग

हातमागावर ताण्यातला एक धागा तुटला तर विणकराच्या बोटांना ते लगेच कळतं. यंत्रमागाला ते कळत नव्हतं. धागा तुटला तरी तो विणतच राहायचा आणि वारभर खराब कापड निघायचं. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. त्यांच्याच घराण्यातून पुढे टोयोटा मोटार कंपनी निघाली आणि ‘खोट दिसली की यंत्रानंच थांबायचं’ हा नियम कापडातून मोटारीत आला. १९६० च्या दशकात अभियंते शिगेओ शिंगो यांनी त्याला ‘पोका-योके’चं रूप दिलं: चूक करताच येऊ नये अशी रचना. वाळूजच्या कुठल्याही लाइनवर हा जपानी शब्द आज मराठी वाक्यात सहज ऐकू येतो. “इथं पोका-योके लावलाय” म्हणजे इथून चुकीचा नग पुढे जाणार नाही.

पूर्वी पोका-योके म्हणजे खिळा, खाच, स्विच. नग उलटा ठेवला तर बसूच नये, एवढीच ती युक्ती. सॉफ्टवेअरनं तिला स्मरणशक्ती दिली. प्रत्येक नगावर ठिपक्यांचा छोटा कोड कोरलेला असतो. स्टेशनवर नग आला की स्कॅनर तो वाचतो आणि सर्व्हरला विचारतो: मागची सगळी कामं झाली का, सगळी ओके आहेत का? एखादं राहिलं असेल तर नग धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरचा क्लँप बंदच होत नाही. मशीन सुरू होत नाही. ऑपरेटरनं कितीही बटण दाबलं तरी नग जागचा हलत नाही.

असे कोड आता सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्यूआर कोड. गुलमंडीत चहाचे पैसे देताना आपण मोबाइलसमोर धरतो तो चौकोन १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत जन्मला, तोही मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कारखान्यात जन्मलेली गोष्ट चहाच्या टपरीवर पोहोचली.

नट आवळण्याचं स्टेशन या अडवण्याचा उत्तम नमुना आहे. चाकाच्या ॲक्सलचा नट ठरावीक जोरानं, म्हणजे ठरावीक टॉर्कनं, आवळायचा असतो. विजेवर चालणारा नटरनर तो टॉर्क मोजतो. पण फक्त टॉर्क पाहिला तर फसगत होऊ शकते. आटे तिरके बसले किंवा त्यांत कचरा अडकला, तर नट वाटेतच घट्ट होतो. टॉर्क पूर्ण दिसतो, पण नट जागेवर बसलेलाच नसतो. म्हणून यंत्र दुसरी गोष्टही मोजतं: नट किती अंशांतून फिरला. टॉर्क बरोबर पण फिरणं कमी, म्हणजे आटे तिरके. फिरणं जास्त पण टॉर्क कमी, म्हणजे आटे गेले किंवा वॉशर विसरला. दोन्ही आकडे ठरलेल्या खिडकीत बसले तरच हिरवा दिवा लागतो आणि ती जोडी गाडीच्या चासी नंबराखाली कायमची नोंदली जाते. पाच वर्षांनी कोणी विचारलं, तर अमुक गाडीचा अमुक नट किती वाजता किती जोरानं आवळला होता, हे सांगता येतं.

या सगळ्याच्या आत तीन थर असतात. सर्वांत खाली, मशीनमध्ये बसलेला पीएलसी हा छोटा संगणक. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत निर्णय घेतो. सर्वांत वर कंपनीचा ईआरपी. त्याला ऑर्डर, साठा आणि बिलं दिसतात, तो दिवसांच्या आणि महिन्यांच्या हिशेबात चालतो. मधला थर मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टीमचा, म्हणजे एमईएसचा. कुठला नग आत्ता कुठल्या मशीनवर आहे, कोणाच्या हाताखाली आहे, त्याचं माप काय आलं, हे त्याला माहीत असतं. दर्जाची खरी लढाई या मधल्या थरात होते.

रात्री तीन वाजताचा शॉट

आता लक्षात ठेवण्याचं काम. डाय कास्टिंगमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम प्रचंड दाबानं पोलादी साच्यात ढकलतात. एका ढकलण्याला ‘शॉट’ म्हणतात. साचा भरायला सेकंदाचा अंश पुरतो. त्या अंशात वेग किंवा साच्याचं तापमान थोडं चुकलं, तर आत हवा अडकते आणि धातूत बारीक पोकळी राहते. बाहेरून नग चकचकीत दिसतो. दोन दिवसांनी मशीनिंगमध्ये वरचा थर कापला गेला की ती पोकळी उघडी पडते, किंवा लीक टेस्टमध्ये हवेचा दाब हळूहळू उतरताना पकडली जाते.

जुन्या पद्धतीत इथे वाद सुरू व्हायचा. मशीन शॉपवाले कास्टिंगकडे बोट दाखवायचे, कास्टिंगवाले धातूकडे, धातूवाले साच्याकडे. बैठक तासभर चालायची आणि शेवटी ‘ऑपरेटरला समज देण्यात आली’ असा शेरा पडायचा. आता लीक टेस्टमध्ये नापास झालेल्या चौदा नगांचे कोड स्कॅन केले जातात. समजा चौदापैकी बारा एकाच साच्याचे निघाले, एकाच रात्री २.५० ते ३.२० च्या दरम्यानचे. त्या अर्ध्या तासाच्या शॉटची नोंद उघडली जाते. साच्याचं तापमान नेहमीपेक्षा बरंच खाली गेलेलं दिसतं. त्याआधी मशीन वीस मिनिटं बंद होतं, असंही दिसतं. साचा गार झाला होता आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिले काही शॉट बाजूला काढायचे राहून गेले होते. उपाय समज देण्याचा नाही. मशीन इतकी मिनिटं बंद राहिलं, तर नंतरचे ठरावीक शॉट प्रणालीनंच रद्द म्हणून नोंदवायचे आणि पुढच्या स्टेशननं ते घ्यायचे नाहीत. एका रात्रीचा धडा असा कायमचा नियम होतो.

याच नोंदीचा उपयोग गाडी रस्त्यावर गेल्यावरही होतो. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ नं सदोष वाहनं परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची तरतूद कलम ११० ए मध्ये आणली. समजा एका भागात खोट सापडली. नोंद नसेल तर त्या महिन्यात बनलेल्या लाखभर गाड्या बोलवाव्या लागतील. नोंद असेल तर नेमक्या सहाशे-सातशे गाड्या, त्यांच्या चासी नंबरांसह, निघतात. आणि या सहाशे-सातशे घरांपर्यंत निरोप वेळेत पोहोचतो. जन्मपत्रिकेचा खरा लाभ गाडीवर बसणाऱ्याला होतो, तो असा.

खोडता न येणारी शाई

गाडीची खोट कधी आवाजातून, कधी गळतीतून कळते. गोळीची कळत नाही. रुग्ण गोळी मोजून पाहू शकत नाही, उलटी करून पाहू शकत नाही. म्हणून औषध उद्योगात नोंद हाच दर्जाचा अर्धा भाग आहे. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असं तिथे मानलं जातं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, १९९७ साली संगणकी नोंदी आणि संगणकी सह्यांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. अशा नोंदीकडून पाच अपेक्षा असतात: नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम होत असतानाच व्हावी, मूळ स्वरूपात राहावी आणि अचूक असावी. यासाठी प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ असतो. आकडा बदलता येतो, पण जुना आकडा पुसला जात नाही. कोणी बदलला, कधी बदलला, का बदलला, हे सगळं त्याच्याशेजारी राहतं.

ही गोष्ट किती गंभीर आहे हे या शहरानं जवळून पाहिलं आहे. २०१३ साली एफडीएनं वोक्हार्ट या औषध कंपनीच्या वाळूज आणि नंतर चिकलठाणा इथल्या कारखान्यांतल्या औषधांच्या आयातीवर निर्बंध आणले. वाळूजसाठी त्याच वर्षी जुलैत दिलेल्या इशारापत्रात कचऱ्यात सापडलेल्या, फाडलेल्या मूळ नोंदींचा उल्लेख होता. त्यानंतरच्या वर्षांत देशभरच्या औषध कंपन्यांत नोंदींचा खरेपणा हा परवलीचा शब्द झाला. प्रत्येक रसायनतज्ज्ञाला स्वतःचा वेगळा पासवर्ड, वजनकाट्यातून आकडा थेट संगणकात, चाचणी-यंत्राच्या घड्याळाची वेळ बदलण्याला बंदी. साध्या वाटणाऱ्या या गोष्टींवर बाजारपेठा टिकतात आणि तुटतात. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. या नोंदीचं एक टोक आता रुग्णाच्या हातात आलं आहे.

लहान शेडचं काय

मोठ्या कंपनीकडे सर्व्हरची खोली असते, सॉफ्टवेअरची स्वतंत्र टीम असते. पण साखळी तिच्या सर्वांत लहान कडीइतकीच मजबूत. आठ मशीन आणि वीस माणसं असलेल्या शेडच्या मालकाला कोट्यवधींची प्रणाली झेपत नाही, आणि झेपण्याची गरजही नाही. सुरुवात त्यानं एका जागेपासून करावी. जिथून सर्वाधिक नग परत येतात ते एक माप निवडावं. तारेनं जोडलेलं एक डिजिटल गेज घ्यावं, म्हणजे आकडा हातानं लिहावा लागणार नाही. हातानं लिहिलेल्या आकड्यांचा एक स्वभाव असतो: ते शून्यावर आणि पाचावर गोळा होतात. शिवाय पाळीच्या शेवटी भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो. एकच पेन, एकसारखं अक्षर, एकही तेलाचा डाग नाही. खऱ्या तक्त्यावर डाग असतात.

या शहरात अशा शेडला आधारही आहे. चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम अनेक वर्षं हत्यारं, साचे आणि अचूक मोजमाप शिकवतं आहे. वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर, एकेकट्याला परवडणार नाहीत अशा मापन आणि चाचणीच्या सोयी सामायिक वापरासाठी देतं. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी मोजायला शिकणं महत्त्वाचं. चुकीचं मोजलेलं माप संगणकात गेलं तर ते फक्त अधिक वेगानं चुकीचं होतं.

लाल दिवा लावणारा हात

टेस्टिंग मशीनच्या जगात एक क्लृप्ती सगळ्यांना ठाऊक आहे. महिनाअखेर असते, ट्रक दारात उभा असतो आणि नग नापास होत असतात. मग कोणीतरी खात्रीचा एक चांगला नग मशीनमध्ये ठेवतो आणि पुन्हा पुन्हा त्याचीच चाचणी घेतो. प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागतो, प्रत्येक वेळी एक स्टिकर छापला जातो, आणि तो स्टिकर दुसऱ्याच नगावर चिकटतो. चांगलं सॉफ्टवेअर हे पकडू शकतं: सलग चाळीस नगांचं माप जवळपास तेच येणं निसर्गाला धरून नाही. पण पकडण्याआधी विचारायला हवं की असं करावंसं त्याला का वाटलं.

उत्तर बहुतेक वेळा लाल दिव्याला मिळणाऱ्या वागणुकीत सापडतं. लाल दिवा लावणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी बसत असतील, त्याच्या नावापुढे रिजेक्शनचा आकडा लिहून तो फलकावर लागत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून पडदे हिरवे होतात आणि खोट ग्राहकाकडे जाते. उलट लाल दिवा लागताच सेटर, इन्स्पेक्टर आणि सुपरवायझर मशीनशी येत असतील आणि पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ ऐवजी ‘मशीनला काय झालंय?’ असा असेल, तर नोंदी खऱ्या राहतात. हा फरक कुठल्याच परवान्यासोबत विकत मिळत नाही. तो सुपरवायझरच्या आवाजात असतो.

सकाळच्या त्या शेडमध्ये पुन्हा जाऊ. बारा वाजून गेले आहेत. पडदा पिवळा झाला आहे. ऑपरेटरनं मशीन थांबवून दरवाजा उघडला आहे. डब्याची सुट्टी जवळ आली आहे आणि पाळीचं टार्गेट अजून चाळीस नग दूर आहे. सुपरवायझर येतो, आलेखाकडे पाहतो, इन्सर्टची धार अंगठ्याजवळ धरून पाहतो.

“बरं झालं थांबवलंस,” तो म्हणतो. “बदल. टार्गेटचं मी वर सांगतो.”

हे बोलणं प्रणालीत कुठेच नोंदलं जात नाही. पण साडेबाराला मोजलेल्या पाच नगांची सरासरी २०.०१३ अशी पडद्यावर येते, तेव्हा त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो याच बोलण्यामुळे.